अर्जात लिहाल तेच आदेशात येईल : संरक्षण आदेशाबद्दल तुमचे प्रश्न

यावेळी आलेल्या बऱ्याचशा पत्रांचा विषय एकच आहे, त्रास देणाऱ्याला माझ्यापासून लांब ठेवायचा कोर्टाचा कागद कसा मिळतो आणि मिळाल्यावर त्याचं करायचं काय. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते आणि आज फक्त हेच. नावं कुणाचीच छापलेली नाहीत, गावंही नाहीत, फक्त जिल्हा ठेवलाय.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. नवऱ्याच्या दारू आणि मारहाणीला कंटाळून दिवाळीपासून मुलीला घेऊन माहेरी आलेय. आता तो शाळेत येतो, गेटवर थांबतो, मुख्याध्यापकांना फोन करून माझ्याबद्दल वाट्टेल ते बोलतो. पोलीस चौकीत गेले तर एनसी (नुसती अदखलपात्र नोंद) लिहून घेतली आणि "घरातलं भांडण आहे, कोर्टात जा" म्हणाले. ताई, त्याला शाळेत यायची बंदी करता येते का? त्यासाठी आधी घटस्फोटाची केस टाकावी लागेल का? त्याची नोकरी जावी अशी माझी इच्छा नाही, फक्त त्याने माझ्या वाटेला जाऊ नये. (सातारा जिल्हा)

ताई, बंदी करता येते आणि त्यासाठी घटस्फोटाची केस टाकायची काही गरज नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा २००५ चा कायदा आहे, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झालेला, कोर्टात सगळे त्याला डीव्ही ॲक्टच म्हणतात. त्याच्या कलम १२ खाली अर्ज करायचा आणि कलम १८ खाली संरक्षण आदेश मागायचा. आणि तुमची नोकरीची काळजी मला कळते, फार बायका याच भीतीने वर्षानुवर्षं गप्प बसतात, तर नीट ऐका, असा आदेश निघाला म्हणून नवऱ्याला अटक होत नाही. कोर्ट त्याला फक्त सांगतं की अमुक करायचं नाही. ते त्याने मोडलं तर मग गुन्हा होतो, म्हणजे पुढचं त्याच्याच हातात राहतं. छळाचा फौजदारी गुन्हा, जो आधी ४९८अ होता आणि आता भारतीय न्याय संहितेचं कलम ८५ आहे, तो वेगळा, तो नोंदवायचा की नाही हे तुम्ही सावकाश ठरवा.

अर्ज सासरच्या गावी जाऊनच करायला पाहिजे असं बऱ्याच जणींना वाटतं, तसं नाहीये. तुम्ही जिथे राहताय, भले तात्पुरतं का होईना, किंवा जिथे नोकरी करताय, तिथल्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे साधारणपणे तुमच्या तालुक्याच्या कोर्टात, अर्ज चालतो. तीन वाटा आहेत. एक, महिला व बालविकास विभागाचे संरक्षण अधिकारी, ते तुमची हकिगत ठरलेल्या नमुन्यात लिहून घेतात आणि अर्जाला मदत करतात. दुसरी, कोर्टाच्याच आवारात तालुका विधी सेवा समितीचं ऑफिस असतं, तिथे वकील मोफत मिळतो, आणि बाईला उत्पन्नाची अट नाही, शिक्षिकेचा पगार असला तरी मिळतो, १९८७ च्या कायद्याने दिलेला हक्क आहे तो. तिसरी वाट स्वतःचा वकील. काही ठिकाणी सांगतात की संरक्षण अधिकाऱ्याचा अहवाल नसला तर कोर्ट आदेशच देत नाही. सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये प्रभा त्यागी प्रकरणात साफ सांगितलंय की तो अहवाल असलाच पाहिजे असं बंधन नाही. अहवाल आला असेल तर कोर्ट तो बघेलच, पण तो नाही म्हणून तुमचा अर्ज अडत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, अर्ज लिहायचा कसा. माझ्यासमोर जे अर्ज येतात त्यातल्या कितीतरींमध्ये एकच ओळ असते, "सामनेवाला अर्जदारास वारंवार शारीरिक व मानसिक त्रास देतो" (सामनेवाला म्हणजे ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे तो). बाईने एवढं भोगलेलं असतं आणि कागदावर त्यातलं काहीच उतरलेलं नसतं. न्यायाधीशांनी यावरून काय समजायचं? त्याऐवजी असं लिहा : "दि. ९ डिसेंबर, मंगळवार, दुपारी साडेबाराच्या सुमारास मधल्या सुट्टीत सामनेवाला शाळेच्या गेटमधून आत आला, व्हरांड्यात माझा हात धरून ओढला, 'घरी चल नाहीतर इथेच तमाशा करीन' असं म्हणाला, त्यावेळी सोबतच्या दोन शिक्षिका हजर होत्या, त्यानंतर मी तीन वाजता चौकीत जाऊन एनसी दिली." तारीख, वेळ, जागा, तोंडचे शब्द, कोण बघत होतं, पुढे काय केलं. असे चार-पाच प्रसंग दिले, त्यातला पहिला मोठा आणि शेवटचा ताजा, तर दहा पानी पाल्हाळापेक्षा जास्त उपयोग होतो. नक्की तारीख आठवत नसेल तर "गणपतीच्या आधीच्या आठवड्यात" असं लिहा, पण ठोकून तारीख देऊ नका, उलटतपासणीत तेवढंच धरून बसतात.

मग येते मागणी. मी वर्षानुवर्षं सांगतेय की जे मागितलं नाही ते मिळत नाही. नुसतं "संरक्षण मिळावं" लिहिलंत तर आदेश पण तसाच मोघम निघतो आणि तो घेऊन चौकीत गेलात की हवालदार म्हणतो यात शाळेचं कुठे लिहिलंय. कलम १८ मध्ये बरंच काही मागता येतं, तर तुम्ही मागा की त्याने कुठल्याही प्रकारची हिंसा करू नये आणि दुसऱ्याकडून करवू नये, तुमच्या शाळेत येऊ नये (शाळेचं पूर्ण नाव, गाव, केंद्र लिहा), माहेरच्या घरी आणि जाण्यायेण्याच्या एसटी स्टॉपवर येऊ नये, फोन, मेसेज, व्हॉट्सॲप, पत्र कशानेही संपर्क करू नये, मुख्याध्यापक आणि सहकाऱ्यांना फोन करू नये, तुमच्या आईवडिलांना किंवा तुम्हाला मदत करणाऱ्या कुणालाही त्रास देऊ नये, आणि तुमचं स्त्रीधन किंवा जॉइंट खातं, लॉकर याला हात लावू नये. मुलीची शाळा वेगळी असेल तर तिचंही नाव घाला. पिक्चरमध्ये दाखवतात तसं अमुक मीटर लांब राहायचं असं ठरलेलं अंतर आपल्या कायद्यात दिलेलं नाही, म्हणून जागा नावानिशी लिहिणंच बरं.

अर्जासोबत लगेचच कलम २३ खाली अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या तात्पुरत्या, आदेशाचा अर्ज आणि शपथपत्र द्या, हे विसरू नका. कायदा म्हणतो पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांच्या आत पडावी आणि पहिल्या तारखेपासून साठ दिवसांत निकाल लावायचा प्रयत्न व्हावा, पण आपल्या कोर्टांवरचा बोजा बघता मुख्य अर्ज त्याहून पुष्कळ लांबतो, त्यामुळे तुमचं खरं संरक्षण हा अंतरिम आदेशच असतो. धोका ताजा असेल तर शपथपत्रावरून एकतर्फी, म्हणजे नवऱ्याचं ऐकण्याआधीच, आदेश देता येतो. आणि हिंसा झालीय एवढंच नाही, होण्याची शक्यता दिसते हेही संरक्षण आदेशाला पुरतं.

पोलिसांनी दिलेल्या एनसीची प्रत टाकून देऊ नका, त्याच्यावरचा नंबर आणि तारीख हा तुमचा पुरावाच आहे. मुख्याध्यापकांना आलेल्या फोनबद्दल त्यांच्याकडून चार ओळी लेखी घ्या. मेसेजचे स्क्रीनशॉट काढा पण मूळ मेसेज पुसू नका आणि तो मोबाईल विकू-बदलू नका, कारण इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि मूळ मोबाईल हाताशी असला की ते सोपं जातं. सगळ्यांसमोर बोलायला संकोच वाटत असेल तर कामकाज बंद दाराआड घ्यावं अशी विनंती करता येते, तशी तरतूद याच कायद्यात आहे.

प्रश्न : माझ्या बहिणीला कोर्टाचा आदेश मिळालाय, सहा पानं इंग्रजीत आहेत. वकीलसाहेब म्हणतात जिंकलो, पण मेहुणे परवाच घरासमोर गाडी लावून बसले होते. आम्हाला नेमकं काय मिळालंय तेच कळत नाही. (लातूर)

दादा, शेवटचं पान आधी वाचा. आदेशात पहिली पानं म्हणजे कोण काय म्हणालं, वकिलांनी काय युक्तिवाद केला, हे सगळं असतं. बंधनकारक भाग असतो तो अगदी शेवटी, "आदेश" किंवा "ऑर्डर" असं शीर्षक देऊन खाली आकडे टाकलेला. पहिलीच ओळ बहुतेक "अर्ज अंशतः मंजूर" अशी असते, "अंशतः" बघून घाबरू नका, काही मिळालं काही नाही एवढाच अर्थ. मग प्रत्येक आकड्यापुढे बघा : कुणाला सांगितलंय (फक्त नवऱ्याला की सासू, दीर यांनाही), काय करू नको म्हणलंय, कुठली जागा लिहिलीय, आणि कधीपर्यंत.

हे "कधीपर्यंत" फार महत्त्वाचं आहे. अंतरिम आदेशात "पुढील तारखेपर्यंत" असं असेल तर त्या तारखेला हजर राहून मुदत वाढवून घ्यावी लागते, नाहीतर हातात कागद राहतो आणि त्यात जीव राहत नाही. "पुढील आदेशापर्यंत" किंवा "मुख्य अर्जाच्या निकालापर्यंत" असेल तर दर तारखेला वाढवायची कटकट नाही. आणि अंतिम संरक्षण आदेश असेल तर तो बहिणीने स्वतः रद्द करा असा अर्ज देईपर्यंत चालू राहतो, किंवा परिस्थिती बदलली म्हणून कोर्टाने कारणं देऊन बदलला तर.

दुसरं, कुठल्या कलमाखाली काय दिलंय ते वकिलांकडून पेन्सिलने समासात लिहून घ्या. कलम १८ म्हणजे संरक्षण, १९ म्हणजे घरात राहण्याचा हक्क, २० म्हणजे पैसे, २१ म्हणजे मुलांचा ताबा. हा फरक नुसता पुस्तकी नाही. आदेश मोडल्याची शिक्षा सांगणाऱ्या कलम ३१ मध्ये शब्द "संरक्षण आदेश" असा आहे, त्यामुळे पोटगी थकली तर वसुलीचा अर्ज करावा लागतो, ३१ चा रस्ता तिथे अडतो, पण "घरासमोर येऊ नये" हे १८ खाली लिहिलेलं असेल तर पोलिसांना लगेच हलता येतं. मेहुणे घरासमोर बसतात आणि आदेशात घराचा उल्लेखच नाही असं निघालं तर आदेशात ते घालून मिळावं म्हणून अर्ज करा, उशीर करू नका.

आदेशाची प्रत दोन्ही बाजूंना आणि पोलीस स्टेशनला मोफत द्यायची असं कलम २४ म्हणतं. तरीपण तुम्ही स्वतः एक प्रत घेऊन पोलीस स्टेशनला जा, दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. एक प्रत बहिणीच्या पर्समध्ये, एक फोटो तुमच्या मोबाईलमध्ये. केसचा सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबरही लिहून ठेवा, ई-कोर्ट्सच्या ॲपवर तो टाकला की पुढची तारीख घरबसल्या दिसते, कुणाच्या फोनची वाट बघायला नको.

प्रश्न : आदेश होऊन तीन महिने झाले. तो स्वतः फोन करत नाही पण मित्राच्या नंबरवरून मेसेज येतात, "तुझ्या भावाला सांभाळून राहायला सांग" असे. पोलीस म्हणतात हा नंबर त्याचा नाहीच. शिवाय दोन्हीकडचे नातेवाईक आता समजुतीने मिटवू म्हणतायत, केस काढून घे म्हणतायत. (नाशिक)

आदेशात "प्रत्यक्ष वा इतरांमार्फत" असे शब्द आहेत का बघा. नसले तरी कलम १८ मध्ये हिंसेला मदत करणं, चिथावणं आणि नातेवाइकांना त्रास देणं हे सगळं येतं, त्यामुळे भावाला दिलेली धमकी कुणाच्या नंबरवरून आली यावर विषय संपत नाही. आदेश मोडणं हा दखलपात्र, म्हणजे पोलिसांनी थेट नोंदवायचा, आणि अजामीनपात्र गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि कायद्यात असंही आहे की एकट्या पीडितेच्या साक्षीवरून कोर्ट गुन्हा झाल्याचा निष्कर्ष काढू शकतं. म्हणजे यावेळी एनसीवर समाधान मानायचं नाही. लेखी तक्रार द्या, आदेशाची प्रत जोडा, कुठला आकडा मोडला ते लिहा ("आदेशातील मुद्दा क्र. ३ चा भंग"), पोच घ्या. पोलीस स्टेशनला घेतच नसतील तर पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांना पोस्टाने पाठवा, आणि संरक्षण अधिकाऱ्यांमार्फत किंवा थेट त्याच कोर्टात तक्रार करा, शक्यतो आदेश देणारे दंडाधिकारीच ते प्रकरण चालवतात. रात्री-अपरात्री दारात आला तर तेव्हा कागद शोधत बसू नका, ११२ लावा. १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाईन पण आहे.

आता मिटवण्याबद्दल. मिटत असेल, मनापासून मिटत असेल, तर मला आनंदच आहे. पण केस काढून घेण्याच्या पुरसिसवर, म्हणजे कोर्टाला द्यायच्या लेखी निवेदनावर, सही म्हणजे काय ते नीट समजून घ्या, ती दिली की तुमच्या हातातला आदेश जातो आणि उद्या पुन्हा तेच झालं तर पहिल्यापासून सुरुवात. समेट करायचा तर अटी लेखी करून कोर्टासमोर नोंदवा, आणि संरक्षण आदेश तेवढा तसाच राहू द्या असं सांगा. ज्याला खरंच हात उचलायचा नाही त्याला "हात उचलू नये" अशा कागदाची अडचण वाटायचं कारण काय? आणि ज्या आठवड्यात भावाला धमकी येते त्याच आठवड्यात मिटवायची घाई होते, हे मला तरी ठीक वाटत नाही, तुम्ही थांबा.

प्रश्न : मालक वारून दोन वर्षं झाली. दीर आणि जाऊ घरातून निघ म्हणतात, घर सासऱ्यांच्या नावावर आहे. जाऊ अंगावर येते. विधवेला हा कायदा लागतो का, आणि बाईवर केस करता येते का? (जालना जिल्हा)

दोन्हीला हो. वर सांगितलेलं प्रभा त्यागी प्रकरण विधवा सुनेचंच होतं. आणि सामनेवाला फक्त प्रौढ पुरुषच असावा ही अट सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये हिरल हरसोरा प्रकरणात काढून टाकली, तेव्हा सासू, जाऊ, नणंद यांनाही सामनेवाले करता येतं. घर सासऱ्यांच्या नावावर आहे म्हणून तुमचा राहण्याचा हक्क जात नाही, २०२० च्या सतीश आहुजा निकालात तेही स्पष्ट झालंय. मात्र एक मर्यादा लक्षात घ्या, घरातून बाहेर काढण्याचा आदेश कोर्ट बाईविरुद्ध देत नाही, त्यामुळे जावेला घराबाहेर काढा असं मागू नका, तिने मारहाण, शिवीगाळ करू नये, तुमच्या खोलीत येऊ नये, पाणी आणि लाईट तोडू नये असं मागा. आणि राहण्याचा हक्क म्हणजे मालकी नाही, मालकांच्या हिश्श्यासाठी वारस नोंद आणि वाटपाचा दावा हा विषय स्वतंत्र आहे, तोही मागे टाकू नका.

प्रश्न : मुलगा मला आणि यांना मारतो, घर आमच्या कष्टाचं आहे. (पुणे, वय ७१)

आजी, तुम्ही स्वतः आई म्हणून मुलाविरुद्ध याच कायद्याखाली अर्ज करू शकता, रक्ताचं नातं यात येतं. आजोबांना या कायद्याने अर्ज करता येत नाही, पण आईवडील व ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ चा कायदा आहे, त्याखाली दोघांनी मिळून प्रांत ऑफिसमधल्या न्यायाधिकरणाकडे अर्ज द्या. वकिलाशिवायही देता येतो.

प्रश्न : बांधावरून भाऊबंदांशी वाद आहे, ते रोज अडवतात. मला पण असा आदेश मिळेल का? (सोलापूर)

तुमचा रस्ता दिवाणी कोर्टाचा. निरंतर मनाईचा दावा लावायचा आणि त्यात तूर्तातूर्त मनाईचा अर्ज, जो आपल्याकडे निशाणी ५ म्हणून ओळखतात. तिथे कोर्ट तीन गोष्टी बघतं, सकृतदर्शनी तुमची बाजू खरी वाटते का, मनाई दिली नाही तर जास्त गैरसोय कुणाची, आणि पैशाने भरून निघणार नाही असं नुकसान होणार आहे का. सातबारा, मोजणीचा नकाशा, जागेचे फोटो जोडा. मनाईचा आदेश कुणी मोडला तर मालमत्ता जप्ती आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. ते आधी दावा लावतील असं वाटत असेल तर कॅव्हेट, म्हणजे आमचंही ऐका असा आगाऊ अर्ज, टाका, नव्वद दिवस चालतं, मग तुम्हाला न कळवता एकतर्फी मनाई होत नाही. नुसती मारामारीची भीती असेल तर पोलिसांमार्फत चॅप्टर केस, म्हणजे प्रतिबंधक कारवाई, होऊन शांतता राखण्याचा बॉण्ड त्यांच्याकडून घेता येतो.

प्रश्न : माझ्यावर एकतर्फी आदेश झालाय. मी हात लावलेला नाही असं माझं म्हणणं आहे पण मला कुणी विचारलंच नाही. मला फक्त पोरीला भेटायचंय. (ठाणे)

तुमचं दुःख मी समजू शकते, आणि तुमचं म्हणणं ऐकलं जाईल, पण ते कोर्टात. तोपर्यंत आदेश चूक वाटला तरी तो पाळायचाच. एकतर्फी आदेश हा शेवटचा निकाल नसतो, दिलेल्या तारखेला वकील घेऊन हजर व्हा, तुमचं लेखी म्हणणं शपथपत्रासह द्या, आदेश बदलावा किंवा रद्द करावा असा अर्ज करा. अपील करायचं तर सत्र न्यायालयात, आदेश हातात पडल्यापासून ३० दिवसांत. मुलीच्या भेटीसाठी वेगळी मागणी करा, दर रविवारी, कोर्टाच्या आवारात किंवा तिसऱ्या कुणाच्या घरी, दोन तास, असं नेमकं लिहा, कोर्ट वेळ आणि जागा ठरवून देऊ शकतं. शाळेच्या गेटवर लपून भेटायला जाऊ नका, वाढदिवसाचं गिफ्ट पाठवायचं झालं तरी वकिलामार्फत. आणि समोरून बायकोचाच मेसेज आला, "ये, मुलगी आठवण काढतेय", तरी आदेशात संपर्काला मनाई आहे तोवर उत्तर देऊ नका, तो मेसेज जपून ठेवा आणि वकिलांना दाखवा, त्यावरून भेटीचा अर्ज लवकर चालवा अशी विनंती करता येते.